धुवण कुठे जातं? : फेस, कॅडमियम आणि रिठ्याचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय पत्रिकेत जरा जड शब्दांत छापला गेलाय. ‘नैसर्गिक पृष्ठक्रियाकारकांद्वारे खाण-अवशेषांतील विषारी धातूंचे निर्मूलन : एक ऐतिहासिक आढावा.’ घाबरू नका. साध्या मराठीत प्रश्न एवढाच आहे, की खाणीतून बाहेर पडलेल्या गाळात शिसं असतं, कॅडमियम असतं, आर्सेनिक असतं. ते रिठ्याच्या पाण्याने धुऊन काढता येईल का?

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, इतिहासाचा आहे. त्यामुळे रसायन लागेल तेवढंच सांगेन. पण सुरुवातीलाच त्या ‘निर्मूलन’ शब्दावर माझा आक्षेप नोंदवतो. एखादं कीटकनाशक जमिनीत मुरलं तर ते जाळून मोडता येतं, जिवाणू त्याचे तुकडे करू शकतात. कॅडमियमचं तसं नाही. ते मूलद्रव्य आहे. जाळा, उकळा, आम्लात विरघळवा, ते कॅडमियमच राहणार. त्याची जागा बदलता येते, त्याचं रूप बदलता येतं, पण ते संपवता येत नाही.

आपल्या घरात तांदूळ धुतल्यावर जे पांढरट पाणी उरतं त्याला आपण धुवण म्हणतो. तांदूळ स्वच्छ झाले म्हणजे तो पांढरेपणा नाहीसा झाला का? नाही, तो धुवणात गेला. मग धुवण तुळशीला घातलं की मोरीत ओतलं, हा पुढचा प्रश्न. आजचं सगळं व्याख्यान या एका शब्दाभोवती आहे. खाणीचा इतिहास बघताना आपण धातू किती निघाला ते विचारतो, सोनं किती, जस्त किती. मी तुम्हाला विचारायला सांगणार आहे, की धुवण कुठे गेलं?

ढेकूळ आणि पीठ

सुरुवात करू राजस्थानातून. उदयपूरच्या दक्षिणेला झावर नावाचं गाव आहे. तिथे जस्ताच्या प्राचीन खाणी आहेत. जस्त काढणं ही अवघड गोष्ट, कारण खनिज तापवलं की जस्त वितळून खाली साचण्याऐवजी वाफ होऊन उडून जातं. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि भट्टीत त्याहून जास्त उष्णता लागते. युरोपला हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. झावरच्या कारागिरांनी ते सोडवलं होतं. मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी, त्या भट्टीत उलट्या लावायच्या, वाफ नळीतून खाली उतरवायची आणि थंड करायची. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात या वांग्यासारख्या मुशीचं वर्णन आहे, ‘वृन्ताक मूषा’ असा शब्दच आहे. १९८३ साली बडोद्याचं महाराज सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्या संयुक्त मोहिमेत तिथे जुन्या भट्ट्या मिळाल्या. एकेका भट्टीत सहा गुणिले सहा, छत्तीस मुशी.

मला तिथला कचरा जास्त बोलका वाटतो. झावरला वापरून टाकलेल्या मुशींचे डोंगर आहेत. लाखो मुशी. गावकऱ्यांनी त्या रचून घरांच्या भिंती उभ्या केल्यात. म्हणजे कित्येक शतकं चाललेल्या धंद्याचा कचरा तिथल्या तिथे, डोळ्यांना दिसेल असा पडून आहे. त्यात धातूचा अंश नाही असं मी म्हणत नाही. पण हा कचरा ढेकळांचा आहे, खापरांचा आहे. तो पावसात सहज वाहून जात नाही.

आता एकदम ऑस्ट्रेलियात जाऊ, कारण कचऱ्याचं रूप बदललं ते तिथे. ब्रोकन हिल हे शिसं, चांदी आणि जस्ताचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या खाणमालकांसमोर एक अडचण आली. वरच्या थरातलं सोपं खनिज संपलं आणि खालचं गंधकयुक्त खनिज लागलं. त्यात शिसं आणि जस्त एकमेकांत इतकं बारीक मिसळलेलं, की दळून, पाण्याने धुऊन ते वेगळं होईना. शिसं काढून घ्यायचं आणि जस्तासकट उरलेला गाळ टाकून द्यायचा असं चाललं. लाखो टन गाळ साठला. त्यात जस्त आहे हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त काढता येत नव्हतं.

तोडगा निघाला तो फेसातून. खनिज पिठासारखं बारीक दळायचं, पाण्यात कालवायचं, थोडं तेल घालायचं आणि हवा घुसळायची. गंधकयुक्त धातुखनिजाचे कण तेलाळतात, हवेच्या बुडबुड्याला चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. नुसत्या दगडाचे कण ओले होऊन तळाशी बसतात. वरचा फेस साय काढावी तसा काढून घ्यायचा, म्हणजे झालं. याला फेनप्लवन म्हणतात. १९०५ च्या सुमारास ब्रोकन हिलला हे मोठ्या प्रमाणावर जमू लागलं. तिथे निलगिरीचं तेलही वापरत, ऑस्ट्रेलियात ते मुबलक. त्या जुन्या गाळातून जस्त काढण्यासाठी जी कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांत हर्बर्ट हूव्हर नावाचा एक तरुण खाण अभियंता होता. हाच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

या शोधाला एक पूर्वसूरी बाई आहे. कॅरी एव्हर्सन. तिने १८८६ साली अमेरिकेत तेल आणि आम्ल वापरून खनिज वेगळं करण्याचं पेटंट घेतलं होतं. तिच्याबद्दल एक दंतकथा पसरली, की खनिजाची तेलकट पोती धुताना तिला हे अपघाताने सुचलं. ती दंतकथा खरी नाही. बाईने पद्धतशीर प्रयोग केले होते. पण गंमत बघा, बाईने शोध लावला म्हटल्यावर लोकांना तो धुण्याच्या टबातच दिसला!

फेनप्लवनाने जग बदललं हे खरंच आहे. तांबं, शिसं, जस्त कमी दर्जाच्या खनिजातूनही परवडू लागलं. विजेच्या तारांपासून मोटारींपर्यंत सगळ्याला त्याचा हातभार आहे. पण एक अट होती. फेसाला पीठ लागतं. दगड जितका बारीक दळाल तितका धातू सुटा होतो. मग धातू काढून घेतल्यावर जे उरतं तेही पीठच. झावरचा कचरा होता तिथे राहिला. फेनप्लवनाचा कचरा म्हणजे पाण्यात कालवलेलं पीठ, त्याला बांध घालून अडवावं लागतं. आणि बारीक कणाला हवा लागते, पाणी लागतं, तो गंजतो, त्यातला गंधक आम्ल होतो आणि अडकलेला धातू विरघळून सुटतो. ढेकळाचं पीठ झालं आणि पीठ नदीला लागलं, ही विसाव्या शतकाची गोष्ट.

जिंझू नदीकाठची भातशेती

ती गोष्ट सगळ्यात स्पष्ट लिहिली गेली जपानमध्ये. गिफू प्रांतात डोंगरात कामिओका नावाची खाण आहे. हे नाव तुमच्यापैकी काहींनी न्यूट्रिनोच्या संदर्भात ऐकलं असेल. त्याच डोंगराच्या पोटात पुढे ‘कामिओकांडे’ आणि ‘सुपर-कामिओकांडे’ या वेधशाळा झाल्या, दोन नोबेल पारितोषिकं त्या कामाला मिळाली. पण त्याआधी ती मित्सुई कंपनीची शिसं-जस्ताची खाण होती. रशिया-जपान युद्ध, मग पहिलं महायुद्ध, मग दुसरं. प्रत्येक युद्धाने जस्ताची मागणी वाढवली. फेनप्लवनही आलं, आणि कचरा बारीक झाला.

आता कॅडमियमबद्दल एक वाक्य. कॅडमियम हे जस्ताचं सावलीसारखं भावंड आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्ट्रोमायर यांना ते १८१७ साली सापडलं, तेही जस्ताच्याच खनिजात. जस्ताच्या बहुतेक खनिजांत ते थोडं का होईना असतंच. कामिओकात कितीतरी वर्षं ते कोणाला नको होतं. म्हणून ते गाळाबरोबर ताकाहारा नदीत गेलं. ताकाहारा जिंझू नदीला मिळते. जिंझू तोयामाच्या सपाट प्रदेशातून समुद्राकडे जाते, आणि या सपाट प्रदेशात भातशेती. पाट काढून नदीचं पाणी खाचरात घ्यायचं. कोकणातल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. खाचर म्हणजे एक उथळ ताटच. गढूळ पाणी आत येतं, थांबतं, गाळ खाली बसतो, निवळ पुढे जातं. वर्षानुवर्षं शेतकऱ्याने खाणीचा गाळ आपल्या शेतात गाळून घेतला. खाणीचं धुवण खाचरात साचलं.

भाताचं रोप ते कॅडमियम उचलतं. भातातून ते माणसाच्या मूत्रपिंडात जातं आणि दशकानुदशकं तिथेच राहतं. मूत्रपिंड बिघडलं की शरीरातलं फॉस्फरस आणि कॅल्शियमचं गणित बिघडतं, हाडं मऊ होतात. सगळ्यात जास्त भोगलं ते बायकांनी, विशेषतः बरीच बाळंतपणं झालेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या बायकांनी. खोकल्यानेसुद्धा बरगडी मोडायची. त्या ‘इताइ, इताइ’ असं कण्हत. इताइ म्हणजे ‘दुखतंय’. आजाराचं नावच पडलं ‘इताइ-इताइ’. ‘दुखतंय-दुखतंय’ असं नाव असलेला आजार. लोकांना वाटे हा काही शाप आहे, घराण्यात काही दोष आहे. त्या गावात मुलगी द्यायला, तिथली मुलगी करायला लोक कचरू लागले.

तिथले एक स्थानिक डॉक्टर होते, हागिनो नोबोरू. युद्धावरून परत आल्यावर त्यांनी वडिलोपार्जित दवाखाना चालवायला घेतला आणि हे रुग्ण बघितले. त्यांनी रुग्णांची घरं नकाशावर मांडली. सगळे ठिपके जिंझूच्या पाण्यावर पोसलेल्या शेतांत पडले. १९५७ साली त्यांनी खाणीकडे बोट दाखवलं. १९६१ साली शेतीतज्ज्ञ योशिओका यांच्याबरोबर त्यांनी कॅडमियमचं नाव घेतलं. ओकायामा विद्यापीठातल्या कोबायाशी यांच्या विश्लेषणाने त्याला बळ मिळालं. बरेच जण त्यांना प्रसिद्धीचे भुकेले म्हणाले. शेवटी १९६८ च्या मे महिन्यात जपानच्या आरोग्य मंत्रालयाने मान्य केलं, की हा आजार खाणीतल्या कॅडमियममुळे आहे. प्रदूषणाने झालेला आजार म्हणून सरकारने मान्यता दिलेला जपानमधला हा पहिला आजार. त्याच वर्षी रुग्णांनी दावा लावला. १९७१ ला तोयामाच्या न्यायालयात जिंकले, १९७२ च्या ऑगस्टमध्ये अपिलातही जिंकले. आजवर सरकारी यादीत आलेले रुग्ण सुमारे २०० आहेत. ज्यांची नोंद होण्याआधीच ज्या गेल्या, त्या या आकड्यात नाहीत.

खटला जिंकला, भरपाई मिळाली. पण शेतातलं कॅडमियम शेतातच होतं. त्याचं काय करायचं?

एक झाड, दोन देश

इथे जरा थांबतो आणि रिठ्याकडे येतो.

कार्ल लिनियसने रिठ्याच्या वंशाला नाव दिलं ‘सॅपिंडस’. म्हणजे ‘सापो इंडिकस’, भारतीय साबण. आपल्याकडे दक्षिणेत आणि सह्याद्रीच्या बाजूला वाढतो तो एक रिठा, आणि हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्व आशियापर्यंत वाढतो तो दुसरा. या दुसऱ्याचं शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस मुकोरोस्सी’. गार्टनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८ साली ते दिलं. हा ‘मुकोरोस्सी’ कोण? कोणी माणूस नाही. रिठ्याला जपानी भाषेत ‘मुकुरोजी’ म्हणतात, त्याचं हे लॅटिन रूप. जपानी लोकही याच्या सालीने कपडे धूत. त्याच्या काळ्या, टणक बियांना पिसं लावून नव्या वर्षाला मुली फूल-रॅकेटसारखा खेळ खेळत. आपण रिठ्याच्या बिया गोट्यांसारख्या खेळलोय. तर, जिंझूच्या काठच्या बायकांना रिठा परका नव्हता.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. शिकेकाईतही असतं. युरोपात सोपवर्ट नावाच्या रोपात असतं, चिलीत किलाया झाडाच्या सालीत असतं. रेणूचं एक टोक पाण्याचं प्रेमी, ते साखरेचं बनलेलं. दुसरं टोक तेलाचं प्रेमी. त्यामुळे ते पाणी आणि मळ यांच्या मध्ये उभं राहतं, पाण्याचा पृष्ठताण कमी करतं आणि फेस येतो. आपल्याकडे दिवाळीच्या अभ्यंगाला शिकेकाई, लोकरीच्या शालीला आणि रेशमी साडीला रिठा, आणि सोनाराच्या दुकानात दागिन्यांना रिठ्याचं पाणी. सोनार रिठा का वापरतो? कारण तो दागिन्याला चरत नाही.

मग हा मऊ साबण मातीतला धातू कसा सोडवणार? इथे दोन गोष्टी एकत्र काम करतात. पहिली, रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, आणि आम्लात कॅडमियम, जस्त थोडं सैल होतं. दुसरी, कित्येक सॅपोनिनांत कार्बोक्झिल नावाचा गट असतो, त्यावर ऋण भार असतो. धातूचा आयन धन भाराचा. मातीच्या ऋण भाराच्या कणाला तो चिकटून बसलेला असतो. सॅपोनिन त्याला तिथून स्वतःकडे ओढतं आणि पाण्यात धरून ठेवतं. मातीच्या मांडीवरून उचलून आपल्या कडेवर घेतं म्हणा.

प्रयोगशाळेतली पंचवीस वर्षं

या कल्पनेचा इतिहास दोन वाटांनी येतो. एक वाट जिवाणूंची. १९४९ साली जार्विस आणि जॉन्सन यांनी स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूने बनवलेल्या एका साबणी पदार्थाची रचना मांडली, आज त्याला ऱ्हॅम्नोलिपिड म्हणतात. १९६८ साली जपानमध्ये दुसऱ्या जिवाणूपासून सर्फॅक्टिन मिळालं. आधी यांच्याकडे लक्ष गेलं ते तेल धुण्यासाठी. १९९४ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या गटाने दाखवलं, की ऱ्हॅम्नोलिपिड कॅडमियमला बांधून ठेवतं. ॲरिझोना म्हणजे तांब्याच्या खाणींचं राज्य, तिथे हा प्रश्न सुचणं साहजिक. त्यानंतर कॅनडात मॉन्ट्रियलला कॅथरीन मलिगन यांच्या गटाने दोन्ही पदार्थ मातीवर आणि पुढे खाणीच्या गाळावर वापरून बघितले.

दुसरी वाट वनस्पतींची. १९९० च्या दशकात लुईझियानाच्या राज्य विद्यापीठात रिठ्याच्या पाण्याने माती धुण्याचे प्रयोग झाले, पण ते धातूंसाठी नव्हते, क्लोरीनयुक्त सेंद्रिय विषासाठी होते. २००२ साली हाँग, टोकुनागा आणि काजिउची यांचा निबंध जपानमधून प्रसिद्ध झाला. त्यांनी वनस्पतीजन्य सॅपोनिनने तीन प्रकारची माती धुतली. कॅडमियम ९० ते १०० टक्के निघालं, जस्त ८५ ते ९८ टक्के. पुढे दशकभराने मलेशियात रिठ्याच्या पाण्याने आर्सेनिकयुक्त माती धुण्याचे प्रयोग झाले.

नव्वद ते शंभर टक्के! हा आकडा वर्तमानपत्रात आला की मथळा ठरलेला: ‘रिठ्याने खाणीचं विष धुतलं.’ म्हणून त्याच निबंधातली दुसरी ओळ सांगतो. जे धातू मातीला वरवर चिकटलेले होते, किंवा कार्बोनेटच्या रूपात होते, ते सॅपोनिनने चांगले काढले. आता मघाचं पीठ आठवा. खाणीच्या ताज्या गाळात धातू कुठे असतो? बराचसा खनिजाच्या कणाच्या आत, गंधकाशी घट्ट बांधलेला. तिथे रिठ्याचा हात पोचत नाही. आज धुतलं, उद्या कण थोडा गंजला, परत धातू बाहेर. हजारो-लाखो टनांचा ढीग असा किती वेळा धुणार? म्हणजे हा उपाय लागू पडतो तो मुख्यतः खाणीच्या खालच्या शेतांना, जिथे धातू सुटून मातीला लागलेला आहे. खाणीचा मूळ ढीग हे वेगळं दुखणं आहे.

मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २००९ साली खाणीच्या गाळातल्या आर्सेनिकवर ऱ्हॅम्नोलिपिड वापरलं. (आर्सेनिक खरं म्हणजे धातुसदृश, पण खाणीत ते धातूंच्याच सोबत फिरतं.) त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात कुठेही ‘निर्मूलन’ नाही. तिथे शब्द आहे तो ‘हलतं करणं’ या अर्थाचा. प्रामाणिक शब्द आहे.

मग धुवणाचं काय?

हलतं केलेलं विष पकडलं नाही, तर ते आधीपेक्षा वाईट. मातीला चिकटून बसलेलं कॅडमियम निदान जागेवर होतं. साबणाने सोडवलेलं कॅडमियम विहिरीत जाऊ शकतं. जपानी निबंधात याचं उत्तर होतं, आणि माझ्या मते त्या निबंधाचं खरं मोल तिथे आहे. धुवण वेगळं काढायचं, ते चांगलं क्षारीय करायचं, मग धातू हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसतो. वरचं सॅपोनिनचं पाणी पुन्हा वापरायचं, खालचा साका गोळा करायचा.

आपल्याकडे झारेकरी असतात ना? सोनारगल्लीतल्या गटाराचा गाळ, दुकानातली झाडलोट, भट्टीची राख नेऊन धुणारे, धूत-धूत सोन्याचे कण काढणारे. झारेकऱ्याला गल्ली स्वच्छ करायची नसते, पण त्याच्या धंद्यात एक शहाणपण आहे. तो धुतो, आणि तळाशी बसलेलं सोडत नाही. सोन्यासाठी आपण हे शेकडो वर्षं करत आलो. कॅडमियमला भाव नाही, म्हणून त्याला झारेकरी नाही.

आणखी एक. ‘नैसर्गिक’ या शब्दाने फसू नका. आपल्याच आदिवासी आणि कोळी बांधवांना विचारा, साठलेल्या डोहात रिठ्यासारखी फळं-साली कुटून टाकली की काय होतं? मासे गुंगून वर येतात. सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांना बाधतं. रासायनिक साबणापेक्षा ते लवकर कुजतं, हा मोठा गुण. पण कुजायच्या आधी ते ओढ्यात सोडलं तर ओढ्याचं भलं होणार नाही.

आता तोयामाला परत जाऊ. तिथे त्यांनी काय केलं? रिठा वापरला नाही. १९७९ पासून २०१२ पर्यंत, तब्बल तेहतीस वर्षं, ८६० हेक्टरांहून जास्त शेतजमिनीत दूषित माती खाली गाडली, तिच्यावर घट्ट थर दिला आणि वर डोंगरातून आणलेली चांगली माती पसरली. म्हणजे कॅडमियम आजही तिथेच आहे, खाली. जपानमध्ये इतरत्र खाचरं धुतली गेली, पण शेतावर जे टिकलं ते फेरिक क्लोराइडने धुणं. स्वस्त, हमखास आणि धुवणावर जागच्या जागी प्रक्रिया करता येते म्हणून. सॅपोनिन महाग पडतं, चिकणमातीत बरंच शोषलं जातं, आणि हेक्टरामागे किती रिठा लागेल याचा हिशेब केला तर झाडंच पुरायची नाहीत.

पण तोयामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माती नव्हतीच. १९७२ साली अपिलाच्या निकालानंतर दुसऱ्याच दिवशी रहिवाशांनी कंपनीकडून लेखी करार घेतला: आम्हाला हवं तेव्हा, आमच्या पसंतीचे तज्ज्ञ घेऊन खाणीत येऊन तपासणी करू, आणि खर्च कंपनीने द्यायचा. त्या वर्षापासून शेतकरी, वकील आणि विद्यापीठातले लोक दरवर्षी खाणीत जातात. कुठल्या नळातून किती कॅडमियम जातं ते मोजतात, सुधारणा सुचवतात, पुढच्या वर्षी पुन्हा बघतात. २००१ ला खनन थांबलं तरी तपासणी चालू राहिली. जिंझूच्या पाण्यातलं कॅडमियम आज निसर्गतः असतं त्या पातळीच्या आसपास आलंय. २०१३ च्या डिसेंबरात दोन्ही बाजूंनी अखेरचा समझोता केला. नदी कोणत्याही साबणाने साफ झाली नाही. धुवण कुठे जातंय हे बघायचा हक्क लोकांच्या हातात आला, म्हणून साफ झाली.

रिठ्याचं संशोधन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. लहान, अतिदूषित तुकड्यांसाठी, जिथे तीव्र आम्ल वापरून माती मारायची नाही, तिथे त्याचा उपयोग होईल. पण जेव्हा कोणी म्हणेल की आमच्याकडे विष धुणारा नैसर्गिक साबण आहे, तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी विचारा: धुवण कुठे जाणार, आणि ते कोण बघणार?



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : गोव्यात खाणींच्या गाळाने शेतं खराब झाली. तिथे हा उपाय चालेल का?

– चांगला प्रश्न. गोव्यातल्या खाणी मुख्यतः लोहखनिजाच्या. तिथलं मोठं दुखणं म्हणजे पावसाळ्यात ढिगांवरून वाहून येणारा लाल गाळ शेतात, नाल्यात भरणं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं त्याआधीपासून शेतकरी हे सांगत होते. तो प्रश्न शेत गाळाने गाडलं जाण्याचा आहे. त्याला साबणाचा उपयोग नाही. त्याला बांध, ढिगांवर झाडी आणि गाळ उपसणं लागतं. आजार ओळखल्याशिवाय औषध देऊ नये.

प्रश्न : भातात कॅडमियम जाऊ नये म्हणून शेतकरी स्वतः काही करू शकतो का?

– जपानमध्ये एक पद्धत वापरतात. लोंब्या येण्याच्या काळात खाचरात पाणी भरून ठेवायचं. पाण्याखाली हवा नसते, कॅडमियम गंधकाशी बांधलं जातं आणि रोपाला कमी मिळतं. पण त्याच पाण्यात आर्सेनिक सुटतं आणि भातात जास्त जातं. म्हणजे इथेही तेच. एकाला दाबलं की दुसरं वर येतं. म्हणून आधी आपल्या मातीत काय आहे त्याची तपासणी, मग पाण्याचा निर्णय.

प्रश्न : सर, घरी रिठ्याने धुतलेलं पाणी झाडांना घालावं का?

– (हशा) थोडं घालायला हरकत नाही. फक्त माशांच्या टाकीत घालू नका.